राजूरहून येणारी मोजणी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कचेरीत बसलो होतो आणि समोरच्या पडद्यावर मिलिंदचं काम चालू होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘राजूर-मोजणी’ हे नाव, त्याच्यापुढे हिरवा ठिपका, आणि खाली त्याच्या प्रयोगशाळेतल्या एकेका ट्रेचे आकडे हळूहळू वर सरकत होते. फोनवर त्याच्या बायकोचा, सुजाताचा भाऊ होता. “अभयभाऊ, दाजी गेले. दुपारी जेवून लवंडले, ते उठलेच न्हाई.” मी म्हणालो, “असं कसं? आत्ता तर त्याचं चालू आहे.” फोन कानाला तसाच होता आणि माझ्या डोळ्यांसमोर आणखी एका ट्रेचा आकडा बदलला.

मी बियाण्याच्या धंद्यातला माणूस. आमचं घराणं राजस्थानातून येऊन जालन्यात मुरलं त्याला पिढ्या झाल्या. कुणी भुताखेतांची गोष्ट सांगायला लागलं की मी घड्याळ बघतो, नाहीतर सांगणाऱ्याला चहा पाजून विषय बदलतो. तरी मिलिंद गेल्यानंतरचे काही आठवडे मी त्या हिरव्या ठिपक्याच्या समोर ज्या अवस्थेत काढले, ती अवस्था मला अजून नीट सांगता येत नाही. तो ठिपका चालू ठेवायचा की विझवायचा, हे ठरवणं माझ्यावर आलं होतं. मला तो विझवायचा नव्हता. एवढंच होतं ते, पण ते फार जड होतं.

आमची ओळख इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातली. त्याचे वडील धावड्याच्या शाळेत मास्तर होते, जालन्याजवळच्या राजूरला घर बांधलं आणि मिलिंद कॉलेजात असतानाच गेले. तो घरून परतताना त्याची आई दर वेळी शेंगदाण्याची चटणी पाठवायची. त्याच्यासाठी लसणाची, आणि मी जैन म्हणून माझ्यासाठी बिनलसणाची वेगळी पुडी. तिनं तेव्हा मला पाहिलंही नव्हतं. मिलिंद मला पहिल्या आठवड्यापासून ‘शेठ’ म्हणायचा, खिशात काही नसतानाही. मी त्याला मिल्या. भांडायचो खूप. तो हट्टी होता, आणि हट्ट बरोबर असला की जास्तच चिडवणारा असतो.

पुढं तो पुण्याला गेला आणि मोठमोठ्या कंपन्यांची कामं करू लागला. ते काम त्यानं मला कितीदा तरी समजावलं असेल. एकेक छोटा प्रोग्राम एकेका बंद डब्यात ठेवायचा, त्याला ते लोक कंटेनर म्हणतात. असे पुष्कळ डबे ज्या यंत्रांवर मिळून चालतात, तो झाला क्लस्टर. एका क्लस्टरमधले डबे एकमेकांना नावानं हाका मारतात, तिथं सगळं घरचंच. अडचण सुरू होते ती दोन वेगळ्या मालकांचे दोन क्लस्टर असले आणि एकाला दुसऱ्याकडची एखादीच सेवा हवी असली की. सगळं उघडं करावं तर घर लुटलं जातं, काहीच उघडलं नाही तर काम होत नाही. मिलिंद नेमका या अडचणीतला माणूस होता. दोन बंद घरांमध्ये एकच वाट काढायची, ती बाहेरच्या कुणाला दिसू द्यायची नाही, आणि त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवून घ्यायची... यात त्याची उमेदीची वर्षं गेली.

मग एक दिवस आई एकटी आहे म्हणून तो राजूरला परत आला आणि घराच्या मागच्या अंगाला बियाणं उगवतं की नाही हे तपासायची प्रयोगशाळा काढली. लोक हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. पण त्याचं डोकं चाललं होतं ते बरोबर दिशेनं. ओल्या कागदावर बी मांडायचं, ट्रे ऊबदार कपाटात ठेवायचा, आत कॅमेरा, आणि रोज किती कोंब आले ते प्रोग्राम मोजणार. ट्रेला लावलेल्या कार्डावर क्यूआर कोड असायचा; ज्या कंपनीचं कार्ड, तिलाच तो आकडा आणि तो फोटो जाणार. त्याच्याकडं आमचं कापसाचं बियाणं येई आणि आमच्या बरोबरीनं धंदा करणाऱ्या आणखी काही कंपन्यांचंही. त्याच्या कपाटात आम्ही सगळे वैरी शेजारी शेजारी भिजत पडायचो.

आमचे काकाजी, म्हणजे धंद्यातले वडीलधारे, त्याला सरळ म्हणाले, “मिलिंद, तू घरचा माणूस. सगळंच उघडं करून दे आम्हाला, बाकीच्यांचं पण दिसू दे जरा.” मी तोंड फिरवून हसलो, कारण उत्तर मला ठाऊक होतं. मिलिंद उठला. काकाजींना गाडीत घालून राजूरला घेऊन गेला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीतला कोनाडा दाखवला. त्या भिंतीपलीकडं त्याच्या चुलतभावाचं घर आहे. कोनाडा आरपार, दोन्ही अंगांना लाकडी फळी, आणि प्रत्येक फळीची कडी ज्याच्या त्याच्या बाजूला. कालवणाची वाटी द्यायची तर इकडून कडी काढायची आणि तिकडच्यानंही काढायची. “काकाजी, वाटी जाती. माणूस जात न्हाई,” तो म्हणाला, “अन् एकानं कडी काढली न्हाई तर वाटी बी जात न्हाई. तुमचं माझं असं राहू द्या.” काकाजींनी चहा घेतला आणि परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, की माणूस आपल्या कामाचा आहे.

तसंच झालं. त्यानं ‘मोजणी’ देऊ केली, आम्ही ती आमच्या बाजूनं स्वीकारली. राजूरच्या बाजूला बाहेरून आत यायला एकही दार नव्हतं. आतलंच यंत्र आमच्याकडं वाट काढायचं, आमचं यंत्र त्याचं ओळखपत्र तपासायचं, ते आमचं तपासायचं, आणि मधलं सगळं बोलणं कुलूपबंद. माझ्या पडद्यावर मात्र ती सेवा आमच्याच इमारतीत बाजूच्या खोलीत असावी अशी दिसायची. पहिल्यांदा ते पाहून मी हरखलो तेव्हा तो म्हणाला, “तिकडचं इथं असल्यासारखं वाटलं पायजे शेठ, तेच तर काम हाय. पण ते इथं नसतंय, हे इसरायचं न्हाई.” मी म्हटलं, प्रवचन पुरे, जेवायला चल.

एक गोष्ट मात्र त्यानं जुन्या पद्धतीची ठेवली होती. ती ओळखपत्रं ठरावीक मुदतीची असतात. जगात ती आपोआप नवी होतात, माणसाला पत्ताही लागत नाही. मिलिंदनं ते बंद केलं होतं. मुदत भरत आली की तो फोन करायचा, “शेठ, मी हाय इकडं. तू हाईस का?” मी म्हणायचो, “आहे बाबा, दाब.” मग तो तिकडं बटण दाबायचा आणि मी इकडं. मी चेष्टा करायचो, की सगळं जग यंत्रावर सोडून मोकळं झालं आणि तू लग्नातल्या मध्यस्थासारखा दोन्हीकडं विचारत बसतोस. त्यावर तो हसायचा, पण बटण मी दाबेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एकदा मी चिडून कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “यंत्र ओळखपत्र बघतं. माणूस हाय का न्हाई हे त्याला काय कळतंय?”

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सुजातानं आणि मी मिळून प्रयोगशाळेला बाहेरून कुलूप लावलं. सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शांत बाई, तिनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “पुण्यानुमोदनाचा विधी होऊ द्या, मग बघू.” आतल्या ट्रेंचं काय हे त्या क्षणी आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी जालन्याला परतलो, पडदा उघडला, आणि मिलिंदनं शेवटच्या सकाळी स्वतःच्या हातानं मांडलेलं आमचं कापसाचं बी उगवत होतं. रोज थोडं. सकाळी आलो की काल नव्हते ते कोंब आज. फोटोत पांढऱ्या माना वर काढलेल्या. माझ्या मित्राची राख झाली होती आणि त्याचं काम माझ्या टेबलावर वाढत होतं. त्याची यंत्रं आमच्या यंत्राला थोड्या थोड्या वेळानं विचारायची, आहेस का. आमचं म्हणायचं, आहे. मग आमचं विचारायचं, तूही आहेस ना... आणि तिकडून उत्तर यायचं. दर वेळी यायचं. मी दुसऱ्या खिडकीत हिशेबाची कामं उघडायचो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिथंच. कुणाला सांगितलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, डोळे दुखतात.

ट्रे संपले. उगवायचं ते उगवलं, कुजायचं ते कुजलं, आकडे थांबले. मी मनाशी म्हणालो, चला, गेला आता. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवण करून कचेरीत येऊन बसलो तर ‘राजूर-मोजणी’खाली नवा ट्रे आला होता. कार्ड आमचंच. ओळखपत्र बरोबर. मोजणी सुरू.

मी सुजाताला फोन लावला. ती शाळेत होती. “किल्ली माझ्याकडंच आहे भाऊ, पर्समध्येच. कोण जाणार तिथं?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्रे. मग आणखी एक. आकडेही विचित्र, मांडलेल्या बियांपेक्षा उगवलेले जास्त. प्रोग्राम बिघडला असेल असं म्हणत मी फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. बियाण्याच्या घरात जन्मलो, मला प्रोग्राम लागत नाही. ते कापसाचं बी नव्हतंच. मटकी होती. ओल्या कागदावर, ओळीत, मिलिंद मांडायचा तशी अंतर राखून मांडलेली मटकी, आणि फोटोच्या कडेला एक सावली, जी हाताची असू शकत होती.

त्या दिवशी चतुर्थी होती, रस्त्यावर राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांची रीघ. गर्दीतून गाडी काढत पोचेपर्यंत मी स्वतःला सतरा कारणं सांगितली. सुजाता शाळेतून थेट आली होती. कुलूप जसंच्या तसं, त्याच्यावर धूळसुद्धा बसलेली. तिनं ते उघडलं आणि आम्ही आत गेलो. बाहेर उन्हाचा चटका आणि आत कपाटाचा बारीक घूंऽऽ असा आवाज, काचेतून पिवळसर उजेड, आणि ओल्या मातीचा नसून ओल्या कागदाचा तो वास. कपाटात ट्रेच ट्रे. सगळ्या कोंबांच्या माना एका बाजूला, दिव्याकडं वळलेल्या. सुजातानं माझी बाही धरली. आम्ही दोघं तसेच उभे असताना मागच्या भिंतीशी, पोत्यांच्या थप्पीआड, कडी सरकल्याचा आवाज आला. हळू, थांबत थांबत. तिथं घरात उघडणारं एक जुनं दार आहे, त्याची कडी घराच्या बाजूनं. बांधकाम झालं तेव्हापासून ते कुणी वापरलं नव्हतं, मी तर विसरूनच गेलो होतो.

मिलिंदची आई आत आली. हातात भिजलेल्या मटकीचा वाडगा. आम्हाला बघून ती दचकली नाही. “हळू बोला,” एवढं म्हणाली आणि कपाटाशी जाऊन आमच्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड घेऊन नव्या ट्रेला लावू लागली. कार्ड लावल्याशिवाय ट्रे आत ठेवायचा नसतो, हे तिनं मुलाचं बघून उचललं होतं. कार्ड कुणाचं, कशासाठी, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. वरचं होतं ते आमचं, म्हणून सगळी मटकी माझ्याकडं येत होती. मिलिंदच्या पहाऱ्यातून ती इतक्या सहज पुढं गेली होती, कारण कार्ड खरं होतं.

“मावशी, हे कशाला हो?” मी विचारलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “आत काई उगवाया असलं तवाच ते कपाट आवाज करतं बाबा. रिकामं झालं की गपगार. मी पलीकडं पडलेली असते दुपारची. आवाज असला की वाटतं त्यो काम करून राह्यला.” कार्ड नीट बसवत म्हणाली, “कापसाचं मला जमत न्हाई. मटकी कशी बी उगवती.” सुजाता पोत्यावर बसली आणि तोंडाला पदर लावला. मला बाहेर उन्हात जावं लागलं.

त्याच आठवड्यात बाहेरच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. प्रयोगशाळा आहे तशी विकत घेतो म्हणाला. यंत्रं, कपाट, आणि सगळ्या कंपन्यांशी असलेल्या जोडण्याही. जोडण्यांवर त्याचा जास्त जोर होता. सुजातानं मला बोलावून घेतलं. “ह्यांच्या ओळखपत्रावर दुसरं कुणी बोललं तर तुमच्याकडं कळेल का?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “नाही. ठिपका हिरवाच राहील. आम्हाला मिलिंदच वाटेल.” तिनं मटकीच्या ट्रेंकडं पाहिलं. “आईचं तर तुम्हाला कळलं नव्हतंच,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, पण लागला. मी महिनाभर एका मेलेल्या माणसाची हजेरी घेत बसलो होतो आणि मला ती हवीहवीशी वाटत होती. उद्या तिथं कुणीही बसला असता आणि इतरांच्या ट्रेंमध्ये डोकावला असता, तरी मी समाधानानं त्या ठिपक्याकडं बघत राहिलो असतो. मिलिंदनं आयुष्यभर ज्याच्यावर पहारा दिला, ते त्याच्याच नावानं फुटलं असतं.

सुजातानं विकायला नकार दिला. प्रयोगशाळा ती स्वतः चालवणार, शाळा सुटल्यावर. ट्रे मांडणाऱ्या गावातल्या दोघी बायका परत यायला तयार होत्या. नवं ओळखपत्र तिच्या नावाचं, नवी कार्डं, आणि प्रत्येक कंपनीनं मिलिंदचं जुनं रद्द करायचं. बाकीच्यांनी ते एका दुपारीत केलं. माझं राहिलं. आज करतो, उद्या करतो. शेवटी मुदतीच्या दिवशी फोन वाजला आणि पडद्यावर ‘मिल्या’ असं आलं. त्याचाच नंबर. मला तो उचलायला वेळ लागला. “अभयभाऊ, मी सुजाता. मी आहे इकडं. तुम्ही आहात का?” ती स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं त्याचं हे बोलणं ऐकत आली होती. मी आहे म्हणालो. आधी तिचं स्वीकारलं, मग जुन्या नावावर जाऊन रद्द करायचं बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की का, ही सेवा अजून उत्तर देत आहे. खरंच देत होती. मी हो म्हणालो. ठिपका राखाडी झाला, मग ती ओळच नाहीशी झाली आणि खालच्या ओळी वर सरकल्या. मी फोन चालू असतानाच रडलो. सुजातानं फोन ठेवला नाही.

आता राजूरहून रोज आकडे येतात, कापसाचे, नीटनेटके. मटकी येत नाही. नवी कार्डं सुजाता कुलपात ठेवते आणि जुन्यांना आता कुणी ओळखत नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मागच्या रविवारी राजूरला गेलो. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा सुजातानं आईला देऊन टाकला आहे. मावशी तिथंच खाली बसून दाणे मांडत होती. मी तिच्याजवळ टेकलो आणि जरा लाजतच म्हणालो, “मावशी, ह्या कप्प्यापुरतं एक कार्ड करून देतो. तुम्ही मांडलेलं मला जालन्यात दिसेल. पूर्वी दिसायचं तसं. तुमची हरकत नसेल तर.”

तिनं मांडणं थांबवलं, माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहानपणी मी परक्या ताटात हात घातला असता तर माझ्या आईनं पाहिलं असतं, तसं. “न्हाई बाबा,” ती म्हणाली, “हे माझं अन् त्याचं हाय.” आणि पुन्हा ओळ धरून मांडू लागली. मी थोडा वेळ तिथं बसलो, कपाटाचा आवाज ऐकला, आणि दार ओढून घेऊन बाहेर आलो. मागून तिनं कडी लावून घेतली.